दोन एकरवाल्यालाच मजुरांची जास्त चणचण का भासते

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. गोव्यातल्या पेडण्यात तुमची वडिलोपार्जित दोन एकर भातशेती आहे आणि घरामागच्या भाटात चाळीसेक माड. चुलतभाऊ मागे लागलाय की सत्तरीतला पंचवीस एकरांचा काजूचा डोंगर हंगामापुरता पावणीत, म्हणजे लिलावात घेऊ. तुम्ही कचरताय. तुमचं म्हणणं, एवढा डोंगर अंगावर घेतला की कर्नाटकातून येणाऱ्या मजुरांशिवाय पान हलणार नाही. त्यापेक्षा दोन एकर बरे, घरच्या घरी निभतं.

मी अठ्ठावीस वर्षं सत्तरीत कुळागर (पोफळी, केळी, मिरीची बाग) आणि काजू करतो, शिवाय एक एकर सोरद, म्हणजे पावसाळी भात. तिन्ही प्रकारच्या शेतीत बाहेरच्या माणसांशी संबंध आला, आणि माझा अनुभव तुमच्या समजुतीच्या अगदी उलटा आहे. मजुरांसाठी फोन करून करून रडकुंडीला आलेला माणूस बहुतेक वेळा एक-दोन एकरवाला असतो. पंचवीस एकरवाल्याला माणसं जास्त लागतात हे खरं, पण त्याला ती मिळतात. कशी मिळतात आणि तुम्हाला का मिळत नाहीत, हे नीट सांगायला हवं.

आधी ‘घरच्या घरी’ म्हणजे काय ते बघू. तुमच्या आजोबांच्या वेळी दोन एकरांच्या लावणीला घरातल्या चार-पाच बाया, शेजारच्या दोन घरांशी सावड आणि वाड्यावरच्या दोन-चार कामेरी एवढं पुरायचं. आज तुमच्या घरातून लावणीच्या दिवशी चिखलात कोण उतरणार? तुम्ही नोकरीवर, बायको नोकरीवर किंवा घरच्या आजारपणात, मुलं कॉलेजात. सावड मोडली, कारण परतफेड करायला दुसऱ्या घरातही कोणी उरलं नाही. आमच्याकडे सत्तरी-डिचोलीत खाणींच्या भरभराटीत जवान पोरं शेतातून ट्रकवर गेली. २०१२ साली खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या. पण ट्रकवर गेलेला हात काही नांगराकडे परतला नाही. तुमच्याकडे पेडण्यात तेच काम मोपाच्या विमानतळाने आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांनी केलं. म्हणजे दोन एकर शेत आहे, पण त्यामागचं घर आता दोन एकरांचं नाही.

देशाचा आकडा बघितला तरी हेच दिसतं. २०१५-१६ च्या कृषी गणनेत सरासरी धारणा १.०८ हेक्टर निघाली, आणि खातेदारांपैकी ८६ टक्के दोन हेक्टरच्या आतले. तुमचे दोन एकरही त्या ८६ टक्क्यांतलेच. मजुरांचा प्रश्न मोठ्या बागायतदारांचा म्हणून बोलला जातो, कारण तांडा त्यांच्याकडे दिसतो. लहान शेतावर एकदम दिसणारी माणसं पाच-सहाच, तीही चार दिवसांसाठी.

पण ते चार दिवस म्हणजेच सगळं पीक. मी तरुणांना नेहमी सांगतो, एकर मोजण्याआधी कामाला थांबायची मुभा किती आहे ते मोजा. भाताचं रोप एकवीस ते पंचवीस दिवसांचं झालं की लावलंच पाहिजे. महिनाभराचं म्हातारं रोप लावलंत तर फुटवे कमी येणार. कापणीचं त्याहून वाईट. सोरदीचं भात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात पिकतं आणि तेव्हाच परतीचा पाऊस डोक्यावर असतो. आठ दिवस उशीर झाला की भात आडवं, आणि आडव्या भाताला पाणी लागलं की लोंबीतच कोंब. याउलट माडाचे नारळ पंधरा दिवस उशिरा पाडले तर फारसं बिघडत नाही. वाळलेले खाली पडतात, वेचून आणायचे. म्हणून चाळीस माडांसाठी तुम्ही कोणाचे मिंधे नाही, दोन एकर भातासाठी मात्र पुरते आहात.

२०१९ सालचं माझंच सांगतो. गावात कापणी यंत्र बाहेरच्या राज्यातून भाड्याने यायचं, अजूनही येतं. यंत्राबरोबर चालक आणि दोन पोरं, तेही परप्रांतीयच. मजुरांच्या चर्चेत आपण त्यांना धरत नाही एवढंच. यंत्रवाल्याने मला गुरुवार सांगितला. त्याच दिवशी खालच्या गावात बारा एकरांचा सलग पट्टा त्याला मिळाला. सलग पट्टा म्हणजे यंत्र सरळ चालतं, वळणं कमी, डिझेल कमी. माझं एक एकर तीन तुकड्यांत, मध्ये उंच बांध. त्याने मला मागे टाकलं, आणि खरं सांगायचं तर त्याच्या जागी मी असतो तर मीही टाकलं असतं. मग दिवाळीच्या तोंडावर क्यार चक्रीवादळाचा पाऊस लागला. यंत्र आलं तेव्हा शेतात घोटाभर पाणी होतं, त्याने बांधावरूनच मान हलवली. शेवटी मी, माझा भाऊ आणि वाळपईहून मिळालेल्या दोन बाया, अशी चौघांनी विळ्याने कापणी केली. पेंढा काळा पडला होता. मुठीत धरलेल्या लोंब्यांतून पांढरे कोंब बाहेर आलेले, एकमेकांत अडकलेले. झोडताना भात सुटेना. खालच्या गावातल्या बारा एकरांचं भात तेव्हा सुकून पोत्यांत गेलं होतं.

आता मूळ मुद्दा. जे लोक आपल्याकडे येतात ते कुठून येतात, आणि त्यांच्या गावी त्या दिवसांत काय चाललेलं असतं, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी विचारलेलं असतं. माझ्याकडे येणाऱ्या टोळीतली बहुतेक माणसं गदग, कोप्पळ, हावेरीकडची. जवळपास प्रत्येकाची गावी दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. म्हणजे तोही तुमच्यासारखाच दोन एकरवाला. त्याची पेरणी जूनमध्ये, मूग, मका नाही तर भुईमूग. म्हणून आपल्या लावणीच्या ऐन वेळी तो गावी असतो. ऑक्टोबरात त्याच्याकडे खरिपाची काढणी आणि काळ्या रानात ज्वारी-हरभऱ्याची पेरणी. म्हणून आपल्या कापणीलाही तो नसतो. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बेळगाव-बागलकोटचे साखर कारखाने ऊसतोडीला माणूस ओढतात. रब्बीची काढणी उरकली की फेब्रुवारीअखेर ते मेअखेर त्याचं रान मोकळं, आणि नेमका तेव्हाच आपल्याकडे काजू गळायला लागतो.

या एका कॅलेंडरमुळे गोव्यात काजूला माणसं मिळतात आणि भाताला मिळत नाहीत. तुमच्या दोन एकरांचं पीक त्याच्या दोन एकरांशी टक्कर घेतं. चुलतभावाच्या पंचवीस एकरांचं पीक त्याच्या रिकाम्या महिन्यांत बसतं. आकाराचा संबंध इथे नंतर येतो. आमच्याकडे पूर्वी ऊसतोडीला आलेल्या दोन-चार जोड्या पुढे काजूला थांबायच्या. धारबांदोड्याच्या संजीवनी कारखान्याचं गाळप २०१९-२० पासून बंद झालं आणि ती साखळीही तुटली.

काजूचा हंगाम जुळतो म्हणजे सगळं सुरळीत होतं, असं मात्र समजू नका. युगादी, म्हणजे आपला पाडवा, बरोबर हंगामाच्या भरात येतो. त्या वेळी टोळी गावी जाणारच. पहिली काही वर्षं मी अडवायचा प्रयत्न केला, जादा पैसे देऊ केले. निम्मी थांबली, पण तोंडं पाडून, आणि पुढच्या वर्षी त्यातली कोणी आली नाहीत. आता मी युगादीचे चार दिवस हिशोबात आधीच वजा धरतो आणि चोर्ला घाटाने बेळगावला जाणाऱ्या गाडीचं भाडं मीच देतो. निवडणुकीचंही तसंच. २०२३ च्या मे महिन्यात कर्नाटक विधानसभेचं मतदान होतं, डोंगर दोन दिवस रिकामा. २०२४ साली उत्तर कर्नाटकाचं आणि गोव्याचं लोकसभेचं मतदान एकाच दिवशी, ७ मे रोजी आलं. मालक इथे रांगेत, मजूर तिथे, काजूची बोंडं झाडाखाली.

पंचवीस एकरांना किती माणसं लागतील, याचा अंदाज देतो. माझ्या जुन्या रोपांच्या बागेत एकरी दोनशे किलोच्या आसपास बी मिळते. कलमांची, नीट खत घातलेली बाग असेल तर जास्त. पंचवीस एकरांत पाच हजार किलो धरा. बोंडाचं वजन बीच्या आठ-नऊपट असतं, म्हणजे तेवढ्या बियांबरोबर चाळीस टनांहून अधिक बोंडं उचलायची. सगळा माल अडीच-तीन महिन्यांत समान वाटून येत नाही. मार्चअखेर ते एप्रिलच्या चार आठवड्यांत साठ टक्के येतो. त्या दिवसांत रोज शंभर किलोच्या पुढे बी आणि नऊशे किलो बोंडं. उताराच्या डोंगरावर एक माणूस दिवसाला बारा-पंधरा किलो बी निघेल एवढा माल वेचतो. म्हणजे वेचायला आठ-नऊ, वाहायला दोन-तीन. भराच्या आधी आणि नंतर चार-पाच पुरतात. बी दोन दिवस झाडाखाली पडली तरी चालते, पाऊस नसला तर. बोंडू थांबत नाही. आज पडला तो आज-उद्या भाटीवर (बोंडाच्या रसापासून उर्राक आणि फेणी ही दारू काढायच्या भट्टीवर) पोचला नाही तर आंबून जातो, आणि भाटीवाला डब्यामागे पैसे कापतो. उर्राक-फेणीचं उत्पन्न सोडून फक्त बीवर डोंगर घेतलात तर पावणीचे पैसे निघणं कठीण.

वेचणी कधी जवळून पाहिली नसेल तर एकदा पाहा. सकाळी साडेसहाला बाया उतारावर आडव्या रांगेत पसरतात. हातात टोकाला खिळा ठोकलेली काठी. वाकायचं नाही, बोंडाला खिळा टोचायचा, काठी उलटून डाव्या हाताने बोंडू काढायचा, अंगठा आणि दोन बोटांनी बी पिळून कमरेच्या पिशवीत, बोंडू पाठीमागच्या टोपलीत. तीन हालचाली, एका श्वासात. आमची थोरली बाई, तिला सगळेच अक्का म्हणतात, हे करता करता बोलत असते आणि तिची नजर पुढच्या झाडाखाली असते. तिच्या बोटांची कातडी बीच्या तेलाने काळी पडून सोललेली. खोबरेल लावून काम करा म्हणून मी बाटली देतो. हातमोजे आणून दिले होते, ते तिने दुसऱ्या दिवशी परत केले, बी हाताला लागत नाही म्हणून. माझ्या डोंगरावर वेचणीला बाईला आणि पुरुषाला एकच दर आहे. आजूबाजूच्या काही मालकांना हे पटत नाही. वेचणीत बाया पुरुषांच्या पुढे असतात, हे त्यांनी वजनकाट्यावर कधी पाहिलेलं नाही.

आता मधल्या आकाराचं, कारण गोव्यात खरी गुंतागुंत तिथे आहे. तीन-चार एकरांचं कुळागर, जोडीला आठ-दहा एकर काजू. इथे टोळी परवडत नाही आणि रोजंदारीवरही भागत नाही. पोफळींना पाणी, केळीचे लोंगर, मिरीच्या वेली, गव्यांची आणि माकडांची राखण, असं रोजचं थोडं थोडं काम असतं. त्यासाठी एक जोडपं बागेतच राहायला हवं. अशी जोडपी येतात, झारखंडची, ओडिशाची, कर्नाटकची. पण त्यांना ठेवायचं म्हटलं की भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या मनात मुंडकाराची (मालकाच्या जागेत घर करून राहणाऱ्याची) भीती जागी होते. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा यांनी ज्यांच्या पिढ्या भाटकाराच्या मेहेरबानीवर राहिल्या त्यांना हक्काची जमीन आणि छप्पर दिलं, ते योग्यच झालं. पण त्याची सावली अशी की आज मजुरी देऊन ठेवलेल्या जोडप्यालाही मालक दोन वर्षांत बदलतो, पक्की खोली बांधत नाही, पत्रा आणि ताडपत्रीच्या खोपीत ठेवतो. सत्तरीत तर आल्वारा आणि मोकासा या जुन्या सनदी जमिनींवर मालकाचंच नाव धड लागलेलं नाही. घर नंबर मिळत नाही, वीजजोडणी मिळत नाही. मग चांगलं जोडपं एका पावसाळ्यात कंटाळून बांधकामावर निघून जातं. उपाय एकच मला जमला: मजुरीची वही, दर आठवड्याला सही किंवा अंगठा, कामाला ठेवल्याची लेखी नोंद, आणि तो कागद आधी वकिलाला दाखवलेला. आमचं सध्याचं जोडपं सहावं वर्ष काढतंय.

कुळागरातलं दुसरं अडलेलं काम म्हणजे झाडावर चढणं. पोफळीच्या फळगळीवर बोर्डो मिश्रण मारावं लागतं: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. पहिली फवारणी पाऊस लागण्याआधी, पुढची चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, पावसाच्या उघडीपीत. एका शेंड्यावरून झोका घेऊन दुसऱ्या झाडावर जाणारा माणूस वर्षातून चार दिवस लागतो, आणि तो सगळ्यांना त्याच चार दिवसांत लागतो. इथे पाच एकरवाला आणि अर्ध्या एकरवाला सारखेच हतबल. फरक एवढाच की तो आधी पाच एकरांकडे जातो. आम्ही सात बागायतदारांनी मिळून दोघांना वर्षाचा शब्द दिला, क्रम चिठ्ठीने ठरवला. सातांत माझा नंबर एकदा सातवा लागला आणि त्या वर्षी निम्मी सुपारी गळाली. तरी ती व्यवस्था मोडली नाही. आता काही जण कार्बन फायबरच्या लांब काठ्यांनी खालून फवारतात. सपाट कुळागरात चालतं, आमच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या उतारावर मान दुखते. चढणाऱ्याचा विमा मात्र विसरू नका. प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचा वर्षाचा हप्ता वीस रुपये आहे, अपघाताला दोन लाखांचं संरक्षण, बँक खातं लागतं. नारळ पाडणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाची केरा सुरक्षा योजना वेगळी आहे. वीस रुपयांसाठी माणसाला बँकेत घेऊन जायचा आळस मीही एक वर्ष केला होता. त्या वर्षी काही झालं नाही, एवढंच नशीब.

मोठ्या बागांकडे येतो. तिथे मुकादम असतो. तो नोव्हेंबर-डिसेंबरात उचल नेतो, गावात वाटतो, फेब्रुवारीत माणसं आणतो. मालकाला सोयीचं, आणि धोक्याचंही. माझ्याकडे एकदा एका मुकादमाने अठरा जणांची उचल नेली आणि माणसं नेऊन सोडली किनाऱ्यावरच्या एका इमारतीच्या कामावर, तिथला रोज जास्त होता म्हणून. मला फोनवर सांगितलं, मालक, पुढच्या वर्षी बघू. पैसे बुडाले त्याहून वाईट वाटलं ते दोन वर्षांनी, जेव्हा कळलं की त्या अठरा जणांपैकी काहींकडून त्याने तीच उचल दुप्पट करून वसूल केली होती. मजूर माझ्याकडे आलेच नाहीत आणि कर्ज मात्र त्यांच्या डोक्यावर. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद केली खरी, पण उचलीचं हे गाठोडं त्याच वाटेने जाऊ शकतं. तेव्हापासून मी मुकादमाला उचल देत नाही. येणाऱ्या कुटुंबाच्या खात्यावर प्रवासखर्च टाकतो, बस्स.

कायद्याची नजरही मोठ्या शेतापुरतीच पोचते, हे लक्षात ठेवा. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा पाच किंवा अधिक परप्रांतीय कामगार ठेवणाऱ्याला लागू व्हायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेणाऱ्या नव्या संहितेत ही मर्यादा दहा झाली आहे. तुमचा पंचवीस एकरांचा डोंगर ऐन भरात त्या रेषेला टेकतो, तेव्हा नोंदवही, प्रवासभत्ता, राहण्याची सोय हे आधीपासून नीट ठेवा. तुमच्या दोन एकरांवरच्या चार बायांना मात्र या कायद्यात कोणी विचारत नाही.

टाळेबंदीने हे सगळं एका रात्रीत उघडं करून दाखवलं. २४ मार्च २०२० ची रात्र. दुसऱ्या दिवशीच युगादी होती. माझ्या खोपीत तेव्हा अकरा माणसं होती. चार जण सणाला आधीच गावी गेले ते अडकले ते अडकलेच. अकरा जण डोंगरावर होते म्हणून माझा हंगाम निघाला, जरी भाटीवाले आणि दलाल महिनाभर गोंधळात होते. माझ्या शेजाऱ्याचा काजू तीन एकर. त्याच्याकडे रोज सकाळी महाराष्ट्रातल्या दोडामार्ग तालुक्यातून मोटरसायकलवर दोन जोडपी यायची आणि संध्याकाळी परत जायची. इतकी वर्षं तो मला हिणवायचा की तुझ्याकडे घाटावरचा बाजार भरतो, माझं सगळं कसं आपल्या भाषेतलं, शेजारचं. सीमा बंद झाली आणि त्याची माणसं आठ किलोमीटरवर बसून राहिली. त्याने आणि त्याच्या मुलीने जमेल तेवढी बी वेचली. बोंडांचा सडा झाडाखाली आंबत पडलेला, दुपारी वास घरापर्यंत यायचा. तीन एकरांना खोप बांधणं त्याला कधी परवडलंच नसतं, हेही तितकंच खरं. माझ्याकडे थांबलेल्यांचे हाल झाले नाहीत असं नाही. जेवणाचं मी बघितलं, पण गावाकडे म्हाताऱ्या आईबापांचं काय, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे वाट मिळाली तेव्हा ते मेमध्ये गेले.

सत्तरीचा डोंगर घेणार असाल तर माकडतापाचं सांगायलाच हवं. २०१५ साली पाळी गावात त्याचा उद्रेक झाला, पुढे दोडामार्ग-बांद्याकडेही रुग्ण सापडले. गोचिडीतून पसरतो आणि त्याचा जोर नेमका काजू वेचण्याच्या महिन्यांत. आरोग्य केंद्रातून अंगाला लावायचं, गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल मिळतं, ते सकाळी लावूनच डोंगरावर जायचं; संध्याकाळी कपडे गरम पाण्यात. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कळवायचं. परगावच्या मजुराला ताप आला तर तो अंगावर काढतो, रोज बुडेल म्हणून. आमच्याकडे तापाच्या दिवसाचा अर्धा रोज देतो, म्हणून लपवत नाहीत.

आता तुमच्यासाठी. दोन एकर भाताला कर्नाटकची टोळी शोधू नका, ती त्या दिवसांत येणार नाही. तुमच्या बांधाला बांध लागून ज्यांची शेतं आहेत अशी पाच-सहा घरं गोळा करा, एकच बियाणं, एकाच आठवड्यात रोप. ज्योती लावायची तर सगळ्यांनी ज्योती. मग यंत्रवाल्याला दहा-बारा एकरांचा सलग पट्टा दिसतो आणि तो तुमच्याकडे आधी येतो. तुमचे दोन एकर त्याच्या नजरेत दोन राहत नाहीत. लावणीला यंत्र वापरायचं असेल तर चटई पद्धतीची रोपवाटिका लागते, तीही सामायिक केली तरच परवडते. खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या बांधाआतलं मऊ जमिनीचं शेत असेल तर जड यंत्र रुततं, साखळीचं मिळतंय का ते जूनमध्येच विचारून ठेवा. सहा घरांना एकत्र आणणं हे मजूर आणण्याहून अवघड आहे, हे मला माहीत आहे; माझ्या तीन तुकड्यांच्या शेजाऱ्यांना मी अजून राजी करू शकलेलो नाही.

पंचवीस एकर घ्या, पण पहिल्या वर्षी पूर्ण डोंगरावर माणूस लावण्याच्या फंदात पडू नका. दोन कुटुंबं एकाच गावची बघा, मुकादमाशिवाय. पुढच्या वर्षी तीच नातेवाईक आणतात. त्यांचं रेशन कार्ड आधारला जोडलेलं असेल तर केंद्राचं धान्य इथल्या दुकानात मिळतं, ‘एक देश एक रेशन कार्ड’ गोव्यात २०२० पासून आहे. एकदा बरोबर जाऊन अंगठा लावून द्या, दुकानदार नवख्याला परतवतो. पोलीस ठाण्यात नावं नोंदवा. मजुरी दर शनिवारी, हंगामअखेर थकवून नाही. आणि डोंगरावर मोकळी जागा असेल तर लवकर आणि उशिरा फळणारी कलमं मिसळून लावायला मालकाला सुचवा, हंगाम लांबतो, भराच्या दिवसांतली माणसं कमी लागतात. पावणी एका वर्षाची असली की हे कोणी करत नाही, म्हणून निदान पाच वर्षांचं बोलून बघा.

पावणीच्या आधी चुलतभावाला घेऊन डोंगर एकदा पायी फिरा, जानेवारीतच. झाडं तो मोजेल. तुम्ही ओहोळ कुठे आहे, एप्रिलमध्ये त्याला पाणी असतं का, आणि खोप घालता येईल अशी सपाट जागा त्या पाण्यापासून किती लांब आहे, तेवढं बघून या.